चौथ्या वर्गाचा शास्त्रज्ञ : स्वांते अऱ्हेनियस

(बी. कॉम., अंतिम वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहायला घ्यावे, याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. शास्त्र शाखेतील मित्र तर हसतीलच. म्हणून आधीच खुलासा करतो. माझा एक मित्र रसायनशास्त्र घेऊन शिकतो. यंदा त्याने प्रकल्पासाठी करंजाच्या तेलापासून बायोडिझेल तयार करण्याचा विषय निवडला. करंज म्हणजे आपल्या कन्नड मित्रांचे होंगे. बेळगाव-खानापूरच्या रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर हे झाड आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तेलाचे बायोडिझेल होते हे आता सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मित्राला ते किती वेगाने होते, आणि तापमान वाढवले तर तो वेग किती वाढतो, हे शोधायचे होते. या अभ्यासाला रासायनिक गतिशास्त्र म्हणतात. त्याच्या वहीत आकड्यांचे रकाने वाढत गेले तेव्हा ते नीट मांडून देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण आकडे मांडणे हा आमचा धंदा. त्या आकड्यांचा जो आलेख निघाला, त्याला एका माणसाचे नाव होते : अऱ्हेनियस.

हा कोण गृहस्थ, म्हणून मी ग्रंथालयात वाचू लागलो आणि वाचतच राहिलो. बायोडिझेल किती वेगाने तयार होईल हे सांगणारे समीकरण या माणसाने १८८९ साली मांडले. बायोडिझेलसारख्या इंधनाची जगाला गरज का पडली, त्याचे कारण असलेला हिशेबही याच माणसाने १८९६ साली मांडला. तेव्हा त्याला बायोडिझेल हा शब्दही ठाऊक नव्हता. आणि हे दोन्ही करणाऱ्या या माणसाला त्याच्याच विद्यापीठाने परीक्षेत चौथा वर्ग दिला होता! हे वाचल्यावर मात्र मला राहवेना.

स्वांते ऑगस्ट अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडन देशात, उप्साला शहराजवळच्या विक येथे झाला. वडील जमिनीची मोजणी करणारे आणि जहागिरीची व्यवस्था पाहणारे. पुढच्याच वर्षी कुटुंब उप्सालाला राहायला आले. हा मुलगा तिसऱ्या वर्षी आपला आपणच वाचायला शिकला असे सांगतात. त्याहून मला विशेष वाटली ती दुसरी गोष्ट. वडील हिशेबाच्या वह्या घेऊन बसत, बेरजा करीत, आणि लहानगा स्वांते शेजारी बसून ते पाहत असे. पाहता पाहता तो अंकगणित शिकला. म्हणजे पुढे ज्याने निसर्गाचा हिशेब केला, त्याची पहिली शाळा जमाखर्चाची वही होती. आम्हा वाणिज्यवाल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आठव्या वर्षी तो उप्सालाच्या कॅथेड्रल शाळेत एकदम पाचव्या इयत्तेत दाखल झाला. १८७६ साली तेथून बाहेर पडला तेव्हा तो बरोबरीच्या मुलांत वयाने सर्वांत लहान आणि बुद्धीने पुढे होता. मग उप्साला विद्यापीठ. हे विद्यापीठ १४७७ सालचे, फार जुने, आणि त्याचा रुबाबही मोठा. पण तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक थालेन आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्ह यांच्या हाताखाली आपल्या मनासारखे संशोधन होणार नाही असे या तरुणाला वाटू लागले. १८८१ साली तो स्टॉकहोमला गेला आणि विज्ञान अकादमीच्या संस्थेत एडलुंड या शास्त्रज्ञांकडे काम करू लागला. विषय होता : पाण्यात मीठ, आम्ल किंवा अल्क विरघळले की त्यातून वीज कशी वाहते.

प्रश्न साधा दिसतो. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. कोरड्या मिठातूनही जात नाही. मात्र मीठ पाण्यात टाकले की जाते. असे का व्हावे? आणि द्रावण जितके पातळ करावे, तितकी मिठाच्या प्रत्येक कणाची वीज वाहण्याची शक्ती वाढते, ती का? अऱ्हेनियस यांनी उत्तर दिले की विरघळलेल्या पदार्थातील काही रेणू क्रियाशील असतात आणि काही निष्क्रिय. पाणी वाढवले की क्रियाशील रेणूंचा वाटा वाढतो. पुढे १८८७ साली त्यांनी हेच अधिक स्पष्ट करून सांगितले. मिठाचे रेणू पाण्यात पडताच फुटतात आणि त्यांचे धन व ऋण विद्युत्भार असलेले तुकडे, म्हणजे आयन, वेगवेगळे फिरू लागतात. वीज बाहेरून येऊन त्यांना फोडत नाही, ते आधीच फुटलेले असतात.

आज ही गोष्ट दहावीचा विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतो. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना मात्र ती थट्टाच वाटली. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर भडका उडतो. क्लोरीन हा हिरवट विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात हे दोघे सुटे सुटे फिरतात आणि ते पाणी आपण आमटीत घालून खातो, हे कसे पटावे? भार नसलेला अणू आणि भार असलेला आयन यांचे गुण अगदी वेगळे असतात, हा भेद तेव्हा कोणाच्या मनात रुजलेला नव्हता. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून तेरा वर्षे होती.

१८८४ साली पंचवीस वर्षांच्या अऱ्हेनियसने सुमारे १५० पानांचा आपला प्रबंध डॉक्टरेटसाठी उप्सालाला सादर केला. त्यात ५६ सिद्धान्त मांडले होते. परीक्षकांनी तो पाहिला. पदार्थविज्ञानवाल्यांना तो रसायनशास्त्राचा वाटला, रसायनशास्त्रवाल्यांना पदार्थविज्ञानाचा. प्रबंधाला मिळाला चौथा वर्ग. जाहीर चर्चेत त्याने प्रबंधाचे समर्थन केले, त्याला तिसरा वर्ग. पदवी मिळाली खरी, पण या वर्गावर विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळण्याची आशा नव्हती. मित्रहो, निकालाच्या फलकासमोर उभे राहून आपले नाव खालून शोधण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर आली असेल. त्या दिवशी अऱ्हेनियसला काय वाटले असेल, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. निकालावर रडत न बसता प्रबंधाच्या प्रती बाहेरदेशीच्या शास्त्रज्ञांना पाठवल्या : क्लाउसियस, लोथार मेयर, व्हान्ट हॉफ आणि रिगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड. ओस्टवाल्ड तेव्हा अवघे तीस वर्षांचे प्राध्यापक होते. त्यांनी पुढे सांगितलेली हकीकत गमतीची आहे. एकाच दिवशी त्यांच्या पदरी तीन गोष्टी आल्या : दाढदुखी, कन्यारत्न आणि अऱ्हेनियसचा प्रबंध. या तिन्हींत प्रबंधानेच त्यांना अधिक अस्वस्थ केले. त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, ओस्टवाल्ड स्वतः उप्सालाला आले. स्वतःच्या गावात ज्याला चौथा वर्ग मिळाला, त्याला भेटायला परदेशचा प्राध्यापक समुद्र ओलांडून येतो आणि आपल्याकडे नोकरी देऊ करतो, हे पाहून उप्सालाच्या मंडळींचे डोळे थोडे उघडले असावेत. वर्ष संपण्यापूर्वी अऱ्हेनियसला तेथेच शिकवण्याची जागा मिळाली. वडील आजारी होते म्हणून तो लगेच रिगाला गेला नाही. १८८५ साली वडील वारले. पुढे अकादमीच्या प्रवासवृत्तीवर १८८६ ते १८९० या काळात तो रिगा, वुर्झबर्ग, ग्राझ, ॲमस्टरडॅम, लाइपझिग असा हिंडला. ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्झमान, व्हान्ट हॉफ अशा दिग्गजांच्या प्रयोगशाळांत त्याने काम केले.

याच काळात, १८८९ साली, त्याने तो निबंध लिहिला ज्यामुळे त्याचे नाव माझ्या मित्राच्या आलेखावर आले. निबंधाचा विषय ऐकून आपल्या भागातील कोणाही शेतकऱ्याच्या मुलाचे कान टवकारतील. विषय होता उसाची साखर. उसाच्या साखरेचे द्रावण आम्लाच्या संगतीत राहिले की साखरेचा रेणू फुटतो आणि त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. गुऱ्हाळावरचा गुळव्या हे शब्द वापरत नाही, पण त्याला ही गोष्ट पक्की ठाऊक असते. शिळ्या उसाचा रस आंबूस होतो आणि त्याचा गूळ नीट बसत नाही, चिकट राहतो. म्हणून तो रसात चुन्याची निवळी घालून आंबटपणा मारतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर साखरेचा उतारा घटतो, त्यामागेही मोठा वाटा याच क्रियेचा. ऊन जितके कडक, तितके नुकसान जलद.

अऱ्हेनियसला कोडे पडले ते याच ठिकाणी. तापमान दहा अंशांनी वाढवले की साखर फुटण्याचा वेग तीन ते चार पटींनी वाढतो. इतर कितीतरी अभिक्रियांचा वेग साधारण दुपटीने वाढतो. पण दहा अंशांनी रेणूंच्या धावण्याच्या गतीत फरक किती पडतो? शेकडा दोनसुद्धा नाही. रेणू जवळपास तितक्याच वेगाने धावत आहेत, एकमेकांवर जवळपास तितक्याच वेळा आदळत आहेत, मग काम दुप्पट, चौपट कसे होते?

त्याचे उत्तर असे. आदळणारा प्रत्येक रेणू अभिक्रिया करीत नाही. मध्ये एक उंबरठा असतो. ज्या रेणूकडे तो ओलांडण्याइतकी ऊर्जा आहे, तोच पलीकडे जातो, बाकीचे आदळून परत फिरतात. या उंबरठ्याच्या उंचीला आज सक्रियण ऊर्जा म्हणतात. कोणत्याही क्षणी असे ऊर्जावान रेणू फार थोडे असतात, पण तापमान जरासे वाढले की त्या थोड्यांची संख्या झपाट्याने वाढते. सरासरी जेमतेम हलते, मात्र वरच्या टोकाला असलेल्यांची संख्या दुप्पट होते. प्रबंधात विरघळलेल्या रेणूंविषयी त्याने जो विचार केला होता, थोडे क्रियाशील आणि पुष्कळसे निष्क्रिय, त्याच वळणाचा विचार येथे पुन्हा उपयोगी पडला. परीक्षकांना जो विचार चौथ्या वर्गाचा वाटला होता, त्याच्या जातीचा हा विचार होता.

या समीकरणात ई नावाची एक संख्या येते, किंमत सुमारे २.७१८. ही संख्या आम्हा वाणिज्यवाल्यांच्या घरचीच आहे. याकोब बर्नुली या गणितज्ञाने १६८३ साली चक्रवाढ व्याजाचा विचार केला. एक रुपया शेकडा शंभर दराने वर्षभर ठेवला आणि व्याज दर महिन्याला, दर दिवसाला, दर क्षणाला मुद्दलात मिळवत गेलो तर वर्षअखेर किती होतील? रक्कम अमर्याद वाढत नाही, ती २.७१८ च्या आसपास येऊन थांबते. सावकाराच्या वहीतून निघालेली ही संख्या दोनशे वर्षांनी साखरेच्या द्रावणात जाऊन बसली. हे वाचले तेव्हा आपल्या शाखा वेगवेगळ्या असल्या तरी हिशेब एकच आहे, असे मला मनापासून वाटले.

आता करंजाच्या तेलाकडे वळू. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला चिकटलेली मेदाम्लांची तीन लांब शेपटे. त्यात मिथेनॉल आणि थोडासा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश घातला की एकेक शेपूट सुटते आणि मिथेनॉलशी जोडले जाते. तीन शेपटे, म्हणून तीन पायऱ्या. शेवटी ग्लिसरीन खाली बसते आणि वर तरंगते ते बायोडिझेल. ढोबळ हिशेब असा की १०० किलो तेल आणि सुमारे १० किलो मिथेनॉल, यांतून सुमारे १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन. मात्र ही क्रिया उलटही फिरते, म्हणून तिला पुढे ढकलण्यासाठी गरजेच्या दुप्पट मिथेनॉल घालतात, म्हणजे तेलाच्या एका रेणूमागे तीनऐवजी सहा. तापमान साधारण साठ अंशांच्या आसपास ठेवतात, कारण पासष्टच्या जवळ मिथेनॉल उकळू लागते. करंजाच्या तेलात बऱ्याचदा सुटी मेदाम्ले जास्त असतात. ती तशीच राहिली तर बायोडिझेलऐवजी साबणाचा फेस होतो, म्हणून आधी आम्लाची प्रक्रिया करून घ्यावी लागते.

गती मोजायची ती अशी. ठरावीक मिनिटांनी भांड्यातून थोडा नमुना काढायचा, आम्ल घालून त्यातला सोडा मारायचा म्हणजे क्रिया जागच्या जागी थांबते, आणि किती तेल बदलले ते तपासायचे. हेच निरनिराळ्या तापमानांना पुन्हा करायचे. मग प्रत्येक तापमानाचा वेगांक काढून त्याचा लॉगॅरिथम उभ्या अक्षावर आणि तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर मांडला की ठिपके एका सरळ रेषेत येतात. रेषेच्या उतारावरून उंबरठ्याची उंची कळते. सुरुवातीला मात्र फसगत होते. तेल आणि मिथेनॉल एकमेकांत मिसळत नाहीत, दोन थर वेगळे राहतात. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत जो वेग दिसतो तो रसायनाचा नसून ढवळण्याचा असतो. अमेरिकेत नेब्रास्का येथे नुरेद्दिनी आणि झू यांनी सोयाबीनच्या तेलावर केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी हा ढवळण्याचा भाग आणि तिन्ही पायऱ्यांचे वेग वेगवेगळे करून दाखवले आणि प्रत्येक पायरीचा उंबरठा अऱ्हेनियसच्या समीकरणाने काढला. कारखानदाराला याचा अर्थ थेट पैशांत कळतो. किती मोठे भांडे, किती वेळ, किती जळण, हे सर्व त्या एका रेषेच्या उतारावरून ठरते.

अऱ्हेनियसच्या जीवनाकडे परत येऊ. १८९१ साली तो स्टॉकहोमच्या नव्या उच्च विद्यालयात व्याख्याता झाला. १८९५ साली तेथे प्राध्यापकपद मिळाले, पण तेही पुन्हा परीक्षा होऊन. त्याची पात्रता तपासायला बाहेरचे पंडित नेमले गेले आणि त्यांत इंग्लंडचे लॉर्ड केल्व्हिनही होते, ज्यांना आयनांचा हा सिद्धान्त मान्य नव्हता. घरीही ठीक चालले नव्हते. १८९४ साली आपली विद्यार्थिनी सोफिया रुडबेक हिच्याशी त्याने विवाह केला होता. पुढल्या वर्षी मुलगा झाला, पण दोन वर्षांच्या आतच दोघे वेगळे झाले.

याच दिवसांत, १८९४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, तो एक प्रचंड हिशेब घेऊन बसला आणि वर्षभर त्यातून उठला नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त झाला तर पृथ्वीचे तापमान किती बदलेल? लँग्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची मोजमापे केली होती. त्यांवरून हवा किती उष्णता अडवते हे त्याने काढले. मग पृथ्वीचे दहा-दहा अक्षांशांचे पट्टे पाडले, वर्षाचे चार ऋतू धरले, आणि कार्बन डायऑक्साइडची वेगवेगळी प्रमाणे घेऊन प्रत्येक खणातली संख्या हाताने काढली. हजारो गणिते, कागद आणि पेन्सिल. १८९६ साली निबंध छापून आला. निष्कर्ष असा की हा वायू दुप्पट झाला तर तापमान पाच ते सहा अंशांनी वाढेल. संगणकांच्या साहाय्याने केलेले आजचे अंदाज यापेक्षा कमी आहेत. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात सुमारे तीन अंश हा आकडा दिलेला आहे. पण दिशा तीच आणि आकडाही फार दूर नाही.

गंमत म्हणजे त्याला या तापण्याची भीती वाटली नाही. त्या वेळी जग वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जाळत होते. या गतीने वायू दुप्पट व्हायला हजारो वर्षे लागतील असे त्याला वाटले. शिवाय स्वीडनसारख्या थंड देशातला माणूस, थोडी ऊब आली तर बरेच, पिके चांगली येतील, असेच म्हणणार! आज जग वर्षाला ८०० कोटी टनांहून अधिक कोळसा जाळते, तेल आणि वायू वेगळेच. समीकरण बरोबर होते, पण माणसाची हाव किती चक्रवाढीने वाढते, तो दर त्याने कमी धरला. म्हणूनच आज आपण वनस्पतींच्या तेलाकडे वळतो आहोत. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन जळून पुन्हा हवेत जातो, म्हणजे एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला खर्च. अर्थात हिशेब अगदी कोरा होत नाही, कारण मिथेनॉल बहुधा खनिज वायूपासूनच बनवतात. भारत सरकारने २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये शेकडा पाच बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

मानसन्मान हळूहळू येऊ लागले. १९०१ साली तो विज्ञान अकादमीवर निवडला गेला, तोही विरोध होऊनच. १९०३ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला स्वीडिश मनुष्य. पदार्थविज्ञान की रसायनशास्त्र हा जुना घोळ येथेही उभा राहिला; दोन्ही पारितोषिकांतला अर्धा अर्धा भाग द्यावा असाही विचार झाला होता. ज्या क्लेव्ह यांच्या विषयात त्याच्या प्रबंधाची उपेक्षा झाली होती, तेच आता रसायनशास्त्राच्या नोबेल समितीवर होते. त्यांचे मत बदललेले होते. १९०५ साली बर्लिनहून बोलावणे आले तेव्हा अकादमीने त्याच्यासाठी भौतिकी रसायनशास्त्राची स्वतंत्र नोबेल संस्था काढली आणि तो अखेरपर्यंत तिचा संचालक राहिला. त्याच वर्षी त्याने दुसरा विवाह केला. तो संसार सुखाचा झाला.

चरित्र लिहिणारे बहुतेक येथेच थांबतात. मला मात्र पुढचा भाग सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तो आपल्याला अधिक शिकवणारा आहे. ज्याच्यावर परीक्षकांनी अन्याय केला तो आता स्वतः परीक्षकाच्या खुर्चीवर बसला. नोबेल पारितोषिके सुरू झाल्यापासून तो पदार्थविज्ञानाच्या समितीवर होता आणि रसायनशास्त्राच्या निर्णयातही त्याच्या शब्दाला वजन होते. १९०६ साली रसायनशास्त्राच्या समितीने मूलद्रव्यांची आवर्त सारणी रचणाऱ्या मेंडेलीव्हचे नाव सुचवले. अकादमीने ते डावलले आणि फ्रान्सच्या म्वासाँला पारितोषिक दिले. सारणी फार जुनी झाली, हे कारण पुढे केले गेले. या विरोधामागे अऱ्हेनियस होता असे इतिहासकार सांगतात. मेंडेलीव्हने त्याच्या आयनांच्या सिद्धान्तावर टीका केली होती. पुढल्या फेब्रुवारीत मेंडेलीव्ह वारला. नेर्न्स्ट हा एके काळचा तरुणपणीचा मित्र. दोघांचे बिनसले आणि नेर्न्स्टला १९२० सालच्या पारितोषिकापर्यंत वाट पाहावी लागली. १९११ साली मेरी क्यूरीला दुसरे नोबेल जाहीर झाले आणि त्याच वेळी तिच्या खाजगी जीवनावरून पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. तेव्हा स्टॉकहोमला न येण्याचा सल्ला देणारे पत्र तिला अऱ्हेनियसने लिहिले. आपल्या शास्त्रीय कामाचा आणि खाजगी आयुष्याचा काही संबंध नाही असे कळवून ती बाई ताठ मानेने आली आणि पारितोषिक घेऊन गेली.

याहून गंभीर गोष्ट आहे. माणसांच्या वंशांची उच्चनीच प्रतवारी करू पाहणाऱ्या त्या काळच्या चळवळीत तो सामील होता. स्वीडनमधील वंशशुद्धी संस्थेच्या मंडळावर तो होता आणि १९२२ साली उप्साला येथे वंशजीवशास्त्राची जी सरकारी संस्था निघाली, तिच्या उभारणीतही त्याचा हात होता. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९३४ साली, याच विचारांच्या छायेत त्या देशात नसबंदीचा कायदा झाला आणि पुढे हजारो दुर्बळ लोकांना त्याचा जाच सोसावा लागला. चौथ्या वर्गाचा शिक्का ज्याने स्वतः सोसला, त्याने माणसांचे वर्ग पाडण्याच्या कामाला हात लावावा, याचे मला फार वाईट वाटले. ही हकीकत झाकून त्याचा गौरव करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

२ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्याचे निधन झाले. देह उप्सालाला नेऊन तेथेच पुरला. ज्या गावाने त्याला चौथा वर्ग दिला, त्याच गावात तो विसावला आहे.

या चरित्राचे सार मला काय वाटते ते सांगून लेख पुरा करतो. चौथा वर्ग मिळाला म्हणून अऱ्हेनियस मोठा झाला, असे कोणी समजू नये. अभ्यास न करणाऱ्यांना या लेखात आधार सापडणार नाही. दीडशे पाने आणि हजारो मोजमापे त्याच्या हाताखालून गेली होती. पण परीक्षकाला जे मोजता येत नाही ते नसतेच, असेही समजू नये. आणि मला खरे महत्त्वाचे वाटते ते क्लेव्ह यांचे उदाहरण. एकदा दिलेला निकाल वीस वर्षांनी आपणच बदलायला मनाचा मोठेपणा लागतो. तो क्लेव्ह यांच्याकडे होता. त्यांच्या विद्यार्थ्याला, इतका बुद्धिमान असूनही, मेंडेलीव्हच्या बाबतीत तो दाखवता आला नाही. आपल्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील, काही बँकेत कर्जाचे अर्ज तपासतील, काही मुलाखती घेतील. म्हणजे कोणाचा तरी वर्ग ठरवण्याची पाळी आपल्यावर येणारच आहे. समोरचा माणूस उंबरठ्याच्या अलीकडे दिसतो आहे, पण त्याला थोडी ऊब मिळाली तर तो पलीकडे जाईल का, एवढा विचार त्या वेळी आपण करावा. रेणूंच्या बाबतीत हे अऱ्हेनियसने आपल्याला शिकवून ठेवलेच आहे.